बाबा वाचले, काका गेले. रविवारी आभाराची साक्ष कशी देऊ?

मोहरीचा_दाणा

शालोम सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

तीन महिन्यांपूर्वी माझे बाबा न्यूमोनियाने आयसीयूमध्ये होते. त्याच आठवड्यात आमच्याच मंडळीतले एक काकाही ॲडमिट झाले. दोघं एकाच वयाचे, क्वायरमध्ये कायम शेजारी उभे राहायचे. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी प्रार्थनेची यादी यायची, एक नंबरला काका, दोन नंबरला बाबा. साखळी प्रार्थना ठेवली होती त्यात रात्री २ ते ३ चा तास मी घेतला होता, आणि खरं सांगतो, मी दोन्ही नावं घेऊन प्रार्थना केली, फक्त माझ्या माणसासाठी नाही केली. बाराव्या दिवशी सकाळी यादी आली तर त्यात एकच नाव. आकडापण काढून टाकला होता, एकच नाव उरल्यावर आकडा कशाला हवा. तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही.

बाबा घरी आले. अजून धड चालता येत नाही, भिंत धरून बाथरूमपर्यंत जातात आणि मधे दोनदा थांबतात, पण आहेत. आता पास्टर म्हणतात की पुढच्या रविवारी साक्ष दे, मंडळी एवढी गुडघ्यावर होती, देवाचे आभार जाहीरपणे मानायलाच हवेत. त्यांचं चूक काहीच नाही. पण काकू तिसऱ्या बाकावर बसतात, दर रविवारी, आता एकट्या. मी पुढे उभा राहून "देवाने आमची प्रार्थना ऐकली" म्हणणार आणि समोर त्या. मग त्यांची कोणी ऐकली नाही का?

दुसरं म्हणजे, इथे कोणाला माझं नाव माहीत नाही म्हणून लिहितोय, मला आतून कृतज्ञ वगैरे काही वाटतच नाहीये. हायसं वाटतं, दमल्यासारखं वाटतं. आभारप्रार्थनेला बसलो की पाठ केलेली वाक्यं बाहेर पडतात आणि मीच ती ऐकत बसतो. त्यात एका मावशींनी सांगून ठेवलंय की साक्षीला उशीर करू नकोस रे, दिलेला आशीर्वाद देव परत घेतो. तेव्हापासून रात्री बाबा खोकले की माझ्या पोटात गोळा येतो, आपण अजून साक्ष दिली नाही म्हणून तर नाही ना.

काय करू? देऊ का साक्ष? आणि मनात नसताना मानलेले आभार देवाला चालतात का?

स्तुतिगान_७

प्रभूची स्तुती असो भावा, बाबा घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. साक्ष नक्की दे. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" अशी सरळ आज्ञा आहे, मनात आलं तर करा असं तिथे म्हटलेलं नाही. भावना मागून येतात, आधी तोंड उघडायचं. योना संदेष्टा बघ, माशाच्या पोटात असतानाच म्हणतो की मी उपकारस्तुती करत तुला यज्ञ करीन, तेव्हा त्याला बाहेर पडणार की नाही हेपण माहीत नव्हतं. हबक्कूक म्हणतो अंजिराला मोहर नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आणि यहुद्यांना लपवल्याबद्दल पकडल्या गेलेल्या डच बहिणींपैकी बेट्सी टेन बूमचं उदाहरण तर तू ऐकलंच असशील, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १९४४ साली ती पिसवांबद्दलसुद्धा देवाचे आभार मानायला लागली, बहीण कोरी म्हणाली हे काही मला जमायचं नाही, आणि नंतर कळलं की पिसवांमुळेच पहारेकरी त्या बराकीत पाय ठेवत नव्हते आणि त्यामुळे त्यांचं बायबलवाचन चालू राहिलं.

उशीर मात्र करू नकोस. हिज्कीया राजा मरणाच्या दारातून परत आला, देवाने १५ वर्षं वाढवून दिली आणि २ इतिहास ३२:२५ सांगतं की त्याने उपकाराची फेड केली नाही. पुढे काय झालं ते वाच.

नववा_कुष्ठरोगी

पुढे काय झालं ते मीच सांगतो कारण त्या वचनाने याला आणखी चार रात्री झोप लागायची नाही.

हिज्कीयाने आभार मानले नाहीत असं नाहीये. यशया ३८ उघडा, आजारातून उठल्यावर त्याने लिहिलेलं अख्खं कवन तिथे आहे, बापाने मुलांना तुझी सत्यता सांगावी वगैरे, म्हणजे साक्ष दिली की त्याने, चांगली लेखी दिली. २ इतिहासच्या त्याच वचनात पुढे लिहिलंय की त्याचं मन उन्मत्त झालं, घोडं तिथे अडलं. बाबेलचे लोक भेटायला आले तर त्यांना सगळी भांडारं फिरवून दाखवली, सोनं चांदी सुगंधी द्रव्यं शस्त्रं, देवाचं नाव घेतल्याचं त्यात कुठे दिसत नाही. आणि लगेच पुढच्या वचनात तो नम्र झाला म्हणून कोप टळला, तेही सांगायचं असतं. थोडक्यात साक्ष देऊनही माणूस बिघडू शकतो, त्यामुळे साक्षीच्या तारखेवर बाबांची फुप्फुसं अवलंबून नाहीत.

मावशींना माझ्याकडून नमस्कार सांग आणि लूक १७ वाचून दाखव. दहा कुष्ठरोगी, एक परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे आहेत. विचारलं, बास. त्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूकने कुठेही लिहिलेलं नाही. बरं ते नऊ जण काही टवाळक्या करायला गेले नव्हते, येशूनेच सांगितलं होतं जाऊन याजकांना दाखवा, लेवीय १४ प्रमाणे तोच नियम होता, म्हणजे ते सांगितलेलं कामच करत होते बिचारे. (माझं आयडी वाचून हसणाऱ्यांनी हसा, मला त्यांच्याबद्दल कायम वाईट वाटतं.) परत आला त्याला जास्त काही मिळालं हे खरंय, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे असं त्याला तोंडावर ऐकायला मिळालं. पण न आलेल्यांचं काढून घेतलं नाही. देव हप्ता चुकला म्हणून सामान उचलून नेणारा वसुलीवाला नाहीये.

स्तुतिगान_७

आशीर्वाद परत घेतात असं मी म्हटलंच नव्हतं, पण वाचताना तसं वाटलं असेल तर माफ कर रे. यशया ३८ चा मुद्दा बरोबर आहे, मी दोन्ही अध्याय शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

शब्दांचा_किडा

थोडं शब्दांबद्दल लिहितो, कंटाळा आला तर खाली जा.

थेस्सलनीकाकरांसमध्ये मूळ ग्रीक "एन पान्ती" आहे, म्हणजे सगळ्यात, सर्व स्थितीत. मराठी भाषांतराने ते नीट पकडलंय. न्यूमोनिया झाला त्याबद्दल आभार मान असं ते वचन म्हणत नाही, न्यूमोनिया चालू असतानाही आभार मान म्हणतं. आता कोणीतरी इफिसकरांस ५:२० काढेल म्हणून मीच काढतो, तिथे "ह्युपेर पान्तोन" आहे, सर्व गोष्टींबद्दल किंवा सर्वांसाठी, आणि ते जास्त अवघड आहे हे कबूल. काही जण म्हणतात तिथे "सर्व" म्हणजे देवाने दिलेलं सर्व, काही जण म्हणतात अक्षरशः सगळं. मला पहिलं पटतं कारण ज्याच्या पत्रांत हे आहे तोच पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो (१ करिंथ १५), आणि शत्रूबद्दल आभार कोण मानतं.

आता इब्री, म्हणजे जुन्या कराराची हिब्रू भाषा. आभाराला शब्द आहे "तोदा". हाच शब्द यहोशवा ७:१९ मध्ये येतो जिथे लुटीतला माल चोरून लपवणाऱ्या आखानाला सांगितलंय की देवाला गौरव दे आणि काय केलंस ते कबूल कर. तिथलं "कबूल कर" म्हणजे शब्दशः देवाला तोदा दे! म्हणजे इब्री माणसाच्या कानात आभार आणि कबुली एकमेकांना चिकटूनच येतात, जे आहे ते देवासमोर खरं खरं मांडणं. मग मोहरीभाऊ तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं की "प्रभू, बाबा घरी आहेत हे तुझ्यामुळे हे मला दिसतंय पण मला काहीच वाटत नाहीये आणि काकांचं मला कळत नाही" ही पूर्ण वाढलेली आभारप्रार्थना आहे, अर्धवट नाही. पाठ केलेल्या वाक्यांपेक्षा हे बरं.

आणि आपल्या मराठीत एक अडचण आहे. "उपकार" म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच "फेड" येते, कोणाचे उपकार ठेवू नयेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे उपकारस्तुतीसुद्धा हिशोब चुकता करण्यासारखी वाटायला लागते आणि मग मावशींसारखी भीती येते. स्तोत्र ११६ मध्ये तोच प्रश्न विचारलाय, परमेश्वराने माझ्यावर एवढे उपकार केले त्यांचा उतराई कसा होऊ. उत्तर काय तर तारणाचा प्याला हातात घेईन. म्हणजे परत देण्याच्या ऐवजी आणखी घेतो! मला ही जागा फार आवडते. नवस फेडेन असंही पुढे म्हणतो, पण पहिलं घेणं आहे.

एवढं लिहिलंच आहे तर प्रभूभोजनाचंही लिहितो. त्याला युखारिस्त म्हणतात तो शब्दच मुळात आभार मानणं. ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री येशूने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. आणि त्याच रात्री, थोड्याच वेळाने, गेथशेमाने बागेत हा प्याला (म्हणजे पुढचं दुःख) माझ्यापासून टळो म्हणून घाम येईपर्यंत प्रार्थना केली. आभार मानणारा माणूस नेहमी बरा, शांत, हसरा असतो हे आपण कुठून काढलं कोण जाणे.

विलापगीत

मी फारसं लिहीत नाही पण याला उत्तर द्यायलाच हवं, कारण मी त्या तिसऱ्या बाकावरची आहे. तुमच्या चर्चमधली नाही, पण माझ्याही नवऱ्यासाठी अशीच साखळी प्रार्थना झाली होती, सहा वर्षं झाली. त्यानंतर दोन महिन्यांत एकांनी साक्ष दिली, त्यांच्या मिसेस बऱ्या झाल्या होत्या.

बाळा, त्यांच्या मिसेस बऱ्या झाल्या याचं मला दुःख नव्हतं. मला खरंच बरं वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी प्रार्थना केलेली होती. लागलं ते एक वाक्य, "आम्ही विश्वास सोडला नाही म्हणून देवाने केलं." ते ऐकून मी घरी जाऊन हिशोब करत बसले की मी कुठल्या दिवशी सोडला. मंगळवारी सोडला का, ज्या दिवशी डॉक्टरांनी बाजूला बोलावलं त्या दिवशी सोडला का. वर्षभर तो हिशोब चालला. साक्षीतला "म्हणून" हा शब्द फार जपून वापर, जमलं तर वापरूच नको.

दुसरं जे लागलं ते याच्या उलट होतं. दुसरे एक जण होते त्यांचा मुलगा वाचला, त्यांनी मला बघून बोलणंच बंद केलं, साक्षही दिली नाही, मी आले की विषय बदलायचे. त्यांना वाटलं ते माझी काळजी घेतायत. मला वाटलं मी म्हणजे अपशकुन झाले. तेव्हा गप्प बसणं हापण इलाज नाही.

प्रेषितांची कृत्ये १२ काढ. आपण तो अध्याय नेहमी येशूचा शिष्य पेत्र याच्या तुरुंगातून सुटकेचा म्हणून शिकवतो, संडे स्कूलमध्ये चित्र असतं, साखळ्या गळून पडल्या, लोखंडी दार आपोआप उघडलं. पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन काय आहे? हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब, येशूचाच आणखी एक शिष्य, याला तलवारीने मारलं. एका ओळीत संपवलंय. का मारू दिलं, कुठे पुरलं, काही नाही. मंडळी तीच, हेरोद तोच, देव तोच, एक गेला आणि एक देवदूताबरोबर चालत बाहेर आला. आणि हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्याचं कारण द्यायचा प्रयत्नसुद्धा केलेला नाही, याबद्दल मी लूकची ऋणी आहे.

मग पेत्र कुठे जातो तर मार्काच्या आईच्या घरी जिथे लोक प्रार्थना करत होते. थोड्याच दिवसांपूर्वी याकोब गेलेला आहे, त्या घरात त्याला ओळखणारे, त्याच्यासाठी रडलेले लोक असणारच. त्या लोकांसमोर पेत्राला साक्ष द्यायची होती. कशी दिली बघ. आधी हाताने खुणावून सगळ्यांना शांत केलं, मग प्रभूने आपल्याला तुरुंगातून कसं बाहेर आणलं ते सांगितलं, बाकीच्या भावांनाही कळवा म्हणाला आणि निघून गेला. एका वचनात संपलं. माझा विश्वास, माझी प्रार्थना, काही नाही, आणि खरंतर तो झोपलेला होता, देवदूताला कुशीत मारून उठवावं लागलं! प्रभूने बाहेर आणलं एवढंच.

तुला कृतज्ञ वाटत नाही म्हणतोस त्याबद्दलही तिथेच आहे. पेत्राला रस्ताभर वाटत होतं की आपण दृष्टांत बघतोय. दोन पहारे ओलांडले, दार ओलांडलं, गल्ली संपली, देवदूत निघून गेला, तेव्हा तो भानावर आला आणि म्हणाला आता मला खरंच कळलं. तू अजून गल्लीत आहेस.

स्तुतिगानभाऊंच्या पिसवांबद्दल एकच. बेट्सीने आभार मानले ते स्वतःला चावणाऱ्या पिसवांबद्दल. आणि ती त्याच छावणीत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारली, ते सांगताना लोक गाळतात. आपल्या पिसवांबद्दल आपण मानावेत, दुसऱ्याच्या पिसवांबद्दल त्याने मानावेत म्हणून त्याला शिकवायला जाऊ नये.

स्तुतिगान_७

ताई, याच्यावर मला काही बोलायचं नाही. थँक्यू.

डायरीवाली

मी समुपदेशनाचं काम करते, थोडंसंच लिहिते. कृतज्ञतेची डायरी सध्या सगळीकडे सांगतात, त्यामागे एमन्स आणि मॅककलॉ यांचा २००३ चा अभ्यास आहे, एका गटाने १० आठवडे दर आठवड्याला आभार वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रास देणाऱ्या, पहिल्या गटाला एकंदर आयुष्य बरं वाटलं. उपयोग होतो, मीही सांगते लोकांना. पण त्यात आभार कोणाचे हा प्रश्न नसतो, यादी केली की झालं. ख्रिस्ती आभारात समोर कोणीतरी असतो, म्हणून तिथे भांडताही येतं, यादीशी भांडता येत नाही. जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या इग्नेशियस लोयोलाने रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरीच देवाच्या उपकारांबद्दल आभार अशी ठेवलीय, पण ते देवाशी बोलणं आहे, टिपण नाही.

आणि मोहरीचा_दाणा, आयसीयूबाहेर बारा-पंधरा रात्री काढलेल्या नातेवाइकांना नंतर सुन्न वाटणं, खोकल्याच्या आवाजाने दचकणं हे आम्ही खूप बघतो. ते पाप नाही, विश्वास कमी असल्याचं लक्षणही नाही. झोप उडालेली असेल आणि अजून काही आठवडे तशीच राहिली तर कोणाशीतरी बोल, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी, प्रार्थना चालू ठेवूनच.

मोहरीचा_दाणा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. कृत्ये १२ मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय आणि दुसरं वचन माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

विलापगीत ताई, एक विचारू का, रविवारच्या आधी काकूंना जाऊन विचारू का की मी साक्ष देऊ का म्हणून? त्या नको म्हणाल्या तर मी पास्टरांना तसं सांगेन.

विलापगीत

जा, पण परवानगी मागायला जाऊ नको. परवानगी मागितलीस की नाही म्हणायचं ओझं तिच्यावर, आणि हो म्हणायचंही. ती हो म्हणेल रे, आम्ही सगळ्या हो म्हणतो, आणि मग रविवारी चेहरा सांभाळत बसतो. नुसता भेटायला जा. काकांबद्दल बोल. ते नाव कोणीतरी मोठ्याने घ्यावं म्हणून कान आसुसलेले असतात, पहिला महिना सगळे घेतात, नंतर कोणी घेत नाही. साक्षीचं तुला तिथून निघताना कळेल. आणि रडू आलं तर आवरू नको, मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्यापाशी येशूने आभारही मानलेत आणि रडलाही आहे, आधी रडला मग आभार मानले, आणि पाच मिनिटांत आपण त्याला उठवणार हे माहीत असताना रडला.

शब्दांचा_किडा

ताईंच्या या सांगण्याला लेवीय ७ ची जोड देतो, मग गप्प बसतो. आभाराचं अर्पण असायचं त्याचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही असा नियम. आता अख्खं जनावर आणि वर भाकरी एका घराने एका दिवसात कसं संपवायचं? माणसं बोलवावीच लागणार. आभार एकट्याने मानून भागत नव्हतं, कोणाला तरी बरोबर बसवून जेवायला लागायचं. नियमात कारण लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण मला ते बरोबर वाटतं.

नववा_कुष्ठरोगी

आणि लूक १८ मधला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, विसरू नकोस. त्याची प्रार्थनाही "देवा, मी तुझे आभार मानतो" अशीच सुरू होते. व्याकरण एकदम बरोबर. फक्त पुढे "इतरांसारखा मी नाही" आलं आणि सगळं मुसळ केरात. बाजूच्याकडे बघून मानलेले आभार म्हणजे काय ते त्या एका वाक्यात कळतं.

मोहरीचा_दाणा

काल संध्याकाळी जाऊन आलो. लिहू की नको करत होतो पण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत तर सांगायलाच हवं.

दार काकूंनीच उघडलं. मी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं बाबा चालतात का रे. मी म्हटलं भिंत धरून. मग बसलो, काकांबद्दल बोललो, म्हणजे मी एक गोष्ट सांगितली की काका क्वायरमध्ये बाबांना सूर चुकला की कोपराने ढोसायचे आणि बाबा घरी येऊन आईला सांगायचे की आज तीनदा ढोसलं. काकूंना ते माहीत नव्हतं! त्यांना काका येऊन सांगायचे की आज आम्ही दोघं एकदम मस्त गायलो. खूप हसल्या, मग रडल्या, मीपण रडलो, ते मांडत नाही इथे.

मग त्या आत गेल्या आणि एक मोठा खोका ओढत घेऊन आल्या. वॉकर. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते सुधारणा आहे, तेव्हा मुलीने ऑनलाइन मागवला होता, काका घरी येतील तेव्हा लागेल म्हणून. तो आला काका गेल्यानंतर चार दिवसांनी. खोका उघडलेलापण नव्हता, वरची चिकटपट्टी तशीच. म्हणाल्या परत पाठवायला सुचलं नाही आणि नंतर बघवेना, घेऊन जा, भिंत धरून किती दिवस चालणार. मी नको म्हणत होतो. तर म्हणाल्या, नको काय म्हणतोस, यादीत दोघांची नावं होती ना.

म्हणजे त्यांनाही ती यादी तशीच आठवते.

साक्षीबद्दल मी काही विचारलं नाही. निघताना त्यांनीच दारात म्हटलं रविवारी बोलणार आहेस असं ऐकलं, बाबांना आणशील का, व्हीलचेअर मिळते का बघ. एवढंच.

पास्टरांना फोन केला, सांगितलं की देतो पण छोटी देणार, आणि नंतर टाळ्या आणि जल्लोषाचं गाणं नको, आधीच्या रविवारी जे शांत गाणं होतं ते ठेवा. थोडा वेळ गप्प होते, मग ठीक आहे म्हणाले. कागदावर पाच वाक्यं लिहिलीत. "म्हणून" दोन ठिकाणी आलं होतं, खोडलं. काकांचं नाव पहिल्या वाक्यात आहे, बाबांचं दुसऱ्या. यादीत होतं तसं.

कृतज्ञ वाटतंय का म्हणाल तर अजून नक्की सांगता येणार नाही. रात्री खोका उघडताना मात्र हात थरथरत होते आणि तोंडातून आपोआप "प्रभू" एवढंच निघालं, पुढे काही आलं नाही.

आता एक प्रॅक्टिकल प्रश्न. काका उंच होते, बाबा त्यांच्यापेक्षा चांगले चार-पाच इंच कमी. वॉकर बाबांच्या पार छातीशी येतोय, खांदे वर करून धरतात. याची उंची कमी होते का? खोक्यात कागद नाहीये.

विलापगीत

वाचलं रे. पुन्हा वाचेन. वॉकरचं दुसऱ्या कोणाला तरी विचार, आमच्याकडचा मी कधी उघडला नव्हता.

नववा_कुष्ठरोगी

होते कमी. चारही पायांच्या खालच्या नळीत भोकं असतात आणि वरच्या नळीतून एक छोटं बटण बाहेर आलेलं असतं. बटण दाबून नळी आत सरकवायची, पुढच्या भोकातून बटण टक् करून बाहेर आलं पाहिजे, अर्धवट राहिलं तर धोका. चारही पाय सारख्याच भोकात हवेत, मोजून बघ. बाबांना सरळ उभं करून हात सैल सोडायला सांग, वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं आणि खांदे वर जात नाहीत. पायाचे रबर बूच घट्ट आहेत ना तेही बघून घे. आणि पहिल्या दिवशी मागे कोणीतरी राहा, फिजिओ येत असेल तर त्याला एकदा दाखव.

मोहरीचा_दाणा

झालं. खालून तिसऱ्या भोकात बरोबर बसलं. एक बटण अडकत होतं, थोडं तेल सोडलं. बाबा आता हॉलमधून स्वयंपाकघरात गेले आणि परत आले, न थांबता. आई मागून चालतेय आणि हळू हो हळू हो करतेय, आणि बाबा तिला सांगतायत की कोपराने ढोसू नकोस.